धातूची वस्तू आणि तिची ओळख : ब्रह्मपुरी, दायमाबाद आणि शिरोलीची भट्टी – एक समीक्षा

गोषवारा : जमिनीतून निघालेल्या अनोळखी धातुवस्तूची ओळख कोणत्या पुराव्यांवर पटविली जाते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. त्यासाठी कोल्हापूर येथील ब्रह्मपुरीच्या कांस्यवस्तू, त्याच परिसरातील शिशाची नाणी आणि दायमाबादची कांस्यशिल्पे या तीन उदाहरणांचा विचार केला असून, शिरोली एमआयडीसीसारख्या ओतकामाच्या वसाहतीत हाच प्रश्न आज कोणत्या रूपात उभा आहे, याकडे लक्ष वेधले आहे.

बीजसंज्ञा : धातुवस्तू, ओळख, संदर्भ, ब्रह्मपुरी, दायमाबाद, भंगार, ओतकाम.

प्रस्तावना

पंचगंगेच्या काठी दोन जागा एकमेकींपासून काही किलोमीटरच्या अंतरावर आहेत. एक, कोल्हापूर शहराच्या पश्चिम कडेची ब्रह्मपुरीची टेकडी. दुसरी, नदी ओलांडल्यावर महामार्गालगत पसरलेली शिरोलीची औद्योगिक वसाहत. पहिल्या जागेतून दोन हजार वर्षांपूर्वीचा धातू वर आला. दुसऱ्या जागेत दररोज जुना धातू भट्टीत जातो आणि नवा आकार घेऊन बाहेर पडतो. एका ठिकाणी जपणूक आणि दुसऱ्या ठिकाणी वितळणे, असा हा वरवर दिसणारा विरोध आहे. परंतु दोन्ही ठिकाणी धातूचा तुकडा हातात घेणाऱ्या माणसापुढे पहिला प्रश्न एकच असतो : हे काय आहे?

गेल्या काही दशकांत धातुशोधक यंत्रे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली आणि हा प्रश्न अभ्यासकांपुरता उरला नाही. या यंत्राचे तत्त्व साधे आहे. वेटोळ्यातून वाहणाऱ्या बदलत्या विद्युत्प्रवाहामुळे जमिनीतील धातूत भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचा परिणाम यंत्र टिपते. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील बंदुकीची गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वाचा उपयोग करून पाहिला. तो प्रयत्न फसला. त्या अपयशाच्या कारणांत पलंगातील लोखंडी स्प्रिंगांचाही उल्लेख केला जातो. यंत्र धातू ‘आहे’ एवढेच सांगते. तो कशाचा आहे, कोणाचा आहे आणि तेथे का आहे, हे सांगणे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे. ओळख ही यंत्राची नव्हे, विवेचनाची निष्पत्ती असते. म्हणूनच तिची समीक्षा होऊ शकते आणि व्हावयास हवी.

ओळखीचे चार साक्षीदार

धातुवस्तूची ओळख पटविताना चार प्रकारचा पुरावा उपलब्ध असतो. पहिला पुरावा रूपाचा, म्हणजे वस्तू कशासारखी दिसते याचा. दुसरा घडणीचा, म्हणजे ती ओतली, ठोकली की जोडली याचा. तिसरा घटकांचा, म्हणजे धातूत कोणते मिश्रण आहे याचा. चौथा संदर्भाचा, म्हणजे ती कोठे, कोणत्या थरात, कशाच्या सान्निध्यात सापडली याचा. यांपैकी पहिले तीन साक्षीदार वस्तूबरोबर प्रवास करतात. संग्रहालयात, प्रयोगशाळेत किंवा दुकानाच्या फळीवरही ते तिच्या अंगावर असतात. चौथा मात्र वस्तू उचलली जाते त्या क्षणी नाहीसा होतो. त्याची नोंद झाली असेल तर तो कागदावर उरतो, अन्यथा कोठेच उरत नाही.

केवळ रूपावर भिस्त ठेवण्यातील धोका ग्रीक कलेच्या एका प्रसिद्ध उदाहरणाने स्पष्ट होतो. ग्रीसमधील आर्टेमिसियन भूशिराजवळ समुद्रतळातून १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात वर आलेला भव्य कांस्यपुतळा आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. हात उगारलेला हा देव झ्यूस की पोसायडन, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ वाद आहे. उगारलेल्या हातातील आयुध हरवले आहे. ते वज्र असेल तर देव एक आणि त्रिशूळ असेल तर दुसरा. शिल्प अप्रतिम आणि जवळजवळ अखंड असूनही ओळख एका हरवलेल्या वस्तूपाशी अडते.

याउलट, रोमन काळातील बारा पंचकोनी बाजू असलेल्या पोकळ धातुगोलांचे उदाहरण पाहावे. युरोपच्या वायव्य भागात अशा शंभराहून अधिक वस्तू सापडल्या आहेत. २०२३ साली इंग्लंडमधील नॉर्टन डिस्नी येथे उत्खननात आणखी एक मिळाली. त्यांचे रूप ठाऊक आहे, घडण आणि धातूही ठाऊक आहेत. तरीही त्यांचा उपयोग काय होता, याचे सर्वमान्य उत्तर नाही. त्यांतील अनेक वस्तू नोंदीविना उचलल्या गेल्या. त्यामुळे नॉर्टन डिस्नीसारख्या ठिकाणी, मूळ जागी आणि नोंदीसह मिळालेल्या एका नमुन्याला अधिक मोल येते.

ब्रह्मपुरी : देवापलीकडचा संच

ब्रह्मपुरी येथे १९४४ च्या सुमारास प्रा. कुंदणगार यांच्या खोदकामातून कांस्यवस्तूंचा मोठा साठा उजेडात आला. त्यानंतर १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५२ साली प्रसिद्ध झाला. या साठ्यातील पोसायडन या ग्रीक-रोमन समुद्रदेवतेची लहानशी मूर्ती ही कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाची ओळख बनली आहे. कार्ल खंडालावाला यांनी १९६० साली ‘ललितकला’ या नियतकालिकात या साठ्याचा कलेतिहासाच्या दृष्टीने विचार केला. पुढे रिचर्ड डी प्यूमा यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या रोम-भारत व्यापारविषयक ग्रंथात त्यांतील रोमन वस्तूंची भूमध्यसागरी नमुन्यांशी तपशिलाने तुलना केली.

या अभ्यासांचे मोल नि:संशय आहे. त्यांच्यामुळे साठ्यातील आयात वस्तू आणि स्थानिक वस्तू वेगळ्या करता आल्या. परंतु या विषयावरील लोकप्रिय लेखनाची गती पाहिली असता एक असमतोल जाणवतो. या लेखनात साठा म्हणजे पोसायडन आणि पोसायडन म्हणजे ‘कोल्हापुरात रोमन लोक होते’ याचा दाखला, असे समीकरण सहजपणे मांडले जाते. हा निष्कर्ष पुराव्याहून मोठा आहे. वस्तूचा प्रवास आणि माणसाचा प्रवास या दोन भिन्न गोष्टी आहेत. इटलीत ओतलेले भांडे भडोच किंवा कल्याणसारख्या बंदरावर उतरून, अनेक हातांतून, घाटवाटांनी पंचगंगेच्या काठी येऊ शकते. ते आणणारा शेवटचा माणूस रोमन असण्याची काही आवश्यकता नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे साठ्यातील बहुसंख्य वस्तू परदेशी नाहीत. हत्ती आणि त्यावरील स्वार यांचे सुरेख कांस्यशिल्प हे सातवाहनकालीन दख्खनच्या कारागिरीचे अस्सल उदाहरण आहे. ज्या गावात असा हत्ती ओतला जात होता, किंवा निदान त्याची कदर होत होती, त्या गावातील ओतकाम कोणत्या दर्जाचे होते, हा प्रश्न पोसायडनच्या छायेत मागे पडतो. परदेशी देवतेची ओळख पटविण्यासाठी जगभरातील नमुने तपासले गेले. स्थानिक ओताऱ्याची ओळख पटविण्यासाठी तेवढा खटाटोप झालेला दिसत नाही. समीक्षेच्या दृष्टीने ही केवळ माहितीची उणीव नाही. कोणती वस्तू ‘गूढ’ मानावयाची आणि कोणती गृहीत धरावयाची, यामागील मूल्यदृष्टीचा हा प्रश्न आहे.

ब्रह्मपुरीचे खरे वैभव एका मूर्तीत नसून संचात आहे. देशी आणि विदेशी वस्तू एकाच साठ्यात असणे, आणि शेजारच्या उत्खननातून सातवाहनकालीन वस्तीचे थर ज्ञात असणे, यामुळे या वस्तूंना एकमेकींची साक्ष मिळते. तीच मूर्ती एकटी, जागेच्या नोंदीविना एखाद्या जुन्या बाजारात आढळली असती, तर ती अलीकडच्या काळात युरोपातून आणलेली शोभेची वस्तू नव्हे, हे सिद्ध करणेही कठीण झाले असते.

शिशाची नाणी : ठशांवरील ठसे

कोल्हापूर परिसरात सापडणाऱ्या ‘कुर’ राजांच्या शिशाच्या नाण्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. एका बाजूस धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूस कमानींचा पर्वत आणि वृक्ष, अशी ही नाणी वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र सिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर या नावांची आहेत. हे राजे सातवाहनच होते की त्यांचे मांडलिक, याविषयी मतभेद झाले. ग्रीक भूगोलवेत्ता टॉलेमी याने उल्लेखिलेला हिप्पोकुरा येथील ‘बालेओकुरोस’ म्हणजे यांतीलच विळिवायकुर, असे समीकरणही मांडले गेले.

परंतु या तिघांचा क्रम ठरला तो नावांच्या साधर्म्यावरून नव्हे, तर घडणीवरून. माढरीपुत्राचा ठसा वासिष्ठीपुत्राच्या नाण्यांवर आणि गौतमीपुत्राचा ठसा माढरीपुत्राच्या नाण्यांवर पुन्हा मारलेला आढळला. खाली पुसट राहिलेली जुनी अक्षरे कोण आधी आणि कोण नंतर, याचा निर्णय देतात. येथे ओळख ही कल्पनेची भरारी न राहता, जवळून आणि संयमाने पाहण्याची क्रिया ठरते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. चुलीवरच्या पळीतही त्याचे पाणी होते. अशा नाण्यांचे आजवर मासेमारीच्या जाळ्यांना लावण्याच्या वजनांत किंवा अन्य कशात रूपांतर झाले असेल, तर त्याची मोजदाद आता शक्य नाही.

दायमाबाद : संदर्भाविना वैभव

सध्याच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी असलेल्या दायमाबाद येथे १९७४ साली एका शेतकऱ्यास जमीन खणताना चार कांस्यशिल्पे मिळाली. त्यांत बैलजोडी जुंपलेला रथ व त्यावरील पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा यांचा समावेश आहे. एकत्रित वजन साठ किलोग्रॅमहून अधिक भरते. या शिल्पांच्या सौंदर्याविषयी दुमत नाही. काळाविषयी मात्र आहे.

म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांच्या मते ती उत्तर हडप्पा काळातील आहेत. डी. पी. अगरवाल यांनी धातूच्या विश्लेषणाचा आधार घेऊन वेगळे मत मांडले. शिल्पांत एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आढळते, आणि ताम्रपाषाणयुगीन अन्य वस्तूंत असे मिश्रण दिसत नाही. त्यामुळे ती ऐतिहासिक काळातील असावीत, असा त्यांचा तर्क होता. हा तर्क महत्त्वाचा असला तरी त्याची चिकित्सा आवश्यक आहे. ‘अन्यत्र आढळत नाही’ हा अभावाचा पुरावा आहे. तपासलेल्या नमुन्यांची संख्या वाढली की तो डळमळू शकतो. शिवाय सिंधू खोऱ्यातील हडप्पा संस्कृतीच्या तांब्याच्या काही वस्तूंत आर्सेनिक आढळले आहे. म्हणजे तोच घटक एका बाजूने आक्षेप ठरतो आणि दुसऱ्या बाजूने समर्थन. दुसरीकडे, उत्तर हडप्पा काळाचा पुरस्कार करणारी बाजूही मुख्यतः परिस्थितिजन्य पुराव्यावरच उभी आहे, हे नाकारता येत नाही.

वाद मिटत नाही याचे कारण अभ्यासकांच्या क्षमतेत नाही. १९७४ ते १९७९ या काळातील उत्खननांनी दायमाबादचे थर उलगडले. शेतकऱ्याच्या कुदळीने ज्या मातीतून शिल्पे वेगळी केली, तिची साक्ष मात्र परत आणता आली नाही. एवढी वजनदार शिल्पे भंगारात न जाता शासनाच्या ताब्यात आली, हे महाराष्ट्राचे भाग्य म्हणावे लागेल. परंतु त्यांच्याबरोबर जे हरवले ते त्यांच्या वजनाहून कमी नव्हते.

शिरोली : भट्टीच्या दारातील प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींनी कोल्हापूरला ओतकामाचे केंद्र म्हणून देशात ओळख दिली. बीडाच्या ओतकामात कच्च्या लोखंडाबरोबर पोलादी भंगार आणि कारखान्यातलेच परतीचे तुकडे भट्टीत टाकले जातात. भंगाराची पारख हा म्हणूनच या व्यवसायाचा अविभाज्य भाग आहे. चुंबक लावून पाहणे, कानशीने घासणे, सहाणेच्या चाकावर उडणाऱ्या ठिणग्यांवरून धातू ओळखणे, आणि अखेरीस स्पेक्ट्रोमीटरवर नमुन्याचे घटक तपासणे, ही येथील नित्याची कामे आहेत.

या ज्ञानाला पुरातत्त्वाच्या चर्चेत अद्याप पुरेसे स्थान मिळालेले नाही. ओतीव वस्तूवर दोन पेट्यांच्या सांध्याची रेघ आहे की नाही, रस आत शिरण्याची वाट कोठे होती, आकसल्याचा खळगा कोठे पडला, वायूची भोके कोणत्या बाजूस साचली, हे साच्यावर काम केलेला कारागीर पाहताक्षणी वाचतो. मेण वितळवून केलेल्या ओतकामात सांध्याची रेघ नसते. या पद्धतीचे वर्णन कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आहे. म्हणजे ज्या परंपरेत ब्रह्मपुरीचा हत्ती आणि दख्खनच्या नंतरच्या मूर्ती घडल्या, तिची भाषा जाणणारे लोक आजही पंचगंगेच्या काठी आहेत. घटकांच्या बाबतीतही त्यांचा अनुभव अभ्यासकास सावध करणारा आहे. मिश्र भंगारातून ओतलेल्या वस्तूचे विश्लेषण एका खाणीकडे बोट दाखवीत नाही, हे भट्टीवर काम करणाऱ्यास सांगावे लागत नाही. प्राचीन ओतारीही जुने भांडे मोडून नवे करीत असणार, ही शक्यता घटकांवर उभारलेल्या प्रत्येक सिद्धांतात गृहीत धरली पाहिजे.

मात्र यंत्रांच्या मर्यादाही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कारखान्यातील ठिणगी पाडणारा स्पेक्ट्रोमीटर वस्तूवर डाग पाडतो. क्ष-किरणांवर चालणारे हातातील यंत्र इजा करीत नाही, पण ते पृष्ठभागच वाचते. शतकानुशतकांचा हिरवा थर त्याची फसगत करू शकतो. चिंच लावून वस्तू लख्ख करणे हा तर घरोघरचा उपाय. त्यात हा थर आणि त्यावरील खुणा कायमच्या जातात.

न ओळखलेल्या धातूची किंमत

वस्तूची ओळख न पटणे ही केवळ इतिहासाची हानी नसते. २००४ साली गाझियाबादजवळ साहिबाबाद येथील एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातील जिवंत तोफगोळ्यांचा स्फोट होऊन दहा कामगारांना प्राण गमवावे लागले. २०१० साली दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात एक जुने किरणोत्सर्गी उपकरण फोडले गेले. ते दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात विकले गेले होते. त्यातील कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा मृत्यू झाला आणि अनेकांना गंभीर इजा झाली.

मायापुरीची घटना या लेखाच्या विवेचनाशी थेट निगडित आहे. त्या उपकरणाचे रूप भंगारवाल्यास अपरिचित होते. घडण जड आणि मजबूत होती. बाहेरचा धातू शिसे होता आणि त्यास भाव होता. संदर्भ तेवढा लिलावाच्या कागदावर सुटला होता. ते कोठून आले, कशासाठी वापरले जात होते आणि त्याच्या पोटात काय होते, एवढी माहिती वस्तूबरोबर आली असती तर करवत चालली नसती. दायमाबादला संदर्भ तुटल्याने काळाचा निर्णय अडला, मायापुरीला तो तुटल्याने माणूस गेला. तुटण्याची प्रक्रिया मात्र एकच आहे : वस्तू हातोहात पुढे सरकते आणि तिची हकीकत मागे राहते.

कायद्याची नजर

याच ठिकाणी कायद्याच्या भूमिकेची चिकित्सा अपरिहार्य ठरते. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा गुन्हा आहे. शासनाने असा ठेवा संपादन केल्यास त्यातील द्रव्याची किंमत आणि तिचा पाचवा हिस्सा अधिक, असा मोबदला कायद्यात सांगितला आहे. सोन्याच्या मोहरांबाबत ही तरतूद समजण्याजोगी आहे. शिशाच्या नाण्याला किंवा गंजलेल्या कांस्यपात्राला ती लावली, तर मोबदला भंगाराच्या भावाच्या आसपासच येतो. म्हणजे वस्तूचे मोल तिच्या द्रव्यात नाही, हे सांगण्याची जबाबदारी असलेला कायदाच तिला वजनाच्या काट्यावर ठेवतो. १९७२ च्या पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियमाने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या नोंदणीची व निर्यातबंदीची व्यवस्था केली. पण सापडण्याच्या क्षणी जागेची नोंद व्हावी, यासाठी सापडणाऱ्यास प्रवृत्त करणारे त्यात फारसे काही नाही.

इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याबरोबरच १९९७ पासून किरकोळ वस्तूंच्याही ऐच्छिक नोंदणीची योजना सुरू झाली. तेथे छंद म्हणून धातुशोधन करण्यास मोकळीक आहे आणि तिचे दुष्परिणामही आहेत. ती मोकळीक येथे आणावी, असे सुचविण्याचा हेतू नाही. परंतु वस्तू जप्त करण्याआधी तिची हकीकत विचारणारी यंत्रणा असू शकते, एवढे त्या योजनेतून निश्चित शिकता येते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात. एक, धातुवस्तूची ओळख रूपावरून सुरू होत असली तरी तेथे थांबू नये. ब्रह्मपुरीचा अर्थ पोसायडनमध्ये नव्हे, संपूर्ण साठ्यात शोधला पाहिजे. दोन, घटकांचे विश्लेषण हा अंतिम निवाडा नसून एक साक्ष आहे. दायमाबादचा वाद हे त्याचे प्रमाण आहे. तीन, घडणीच्या वाचनासाठी शिरोलीच्या ओतकाम कारागिरांचे ज्ञान अभ्यासकांनी सन्मानाने वापरावे. परिसरातील महाविद्यालये, विद्यापीठ आणि उद्योजकांच्या संघटना यांना असे सहकार्य घडवून आणणे अवघड नाही. चार, भंगाराच्या प्रत्येक संशयास्पद वस्तूबाबत ती कोठून आली याची नोंद करणे ही सुरक्षिततेची आणि इतिहासाची एकत्रित गरज आहे. अनोळखी वस्तू न फोडता, न घासता बाजूला ठेवणे, छायाचित्र घेणे आणि तहसीलदार किंवा पोलीस यंत्रणेस कळविणे एवढ्याने दोन्ही हेतू साध्य होतात.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्गावर पंचगंगेचे पाणी आले आणि वाहतूक थांबली. असा पूर काठ कापतो, माती हलवतो आणि जे पुरलेले आहे ते उघडे पाडतो. पुढच्या पुरानंतर नदीकाठी कोणाच्या हाती काय लागेल, हे सांगता येत नाही. ते ज्याच्या हाती लागेल, त्याने तराजूआधी वही उघडावी, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे.